धायरी फाट्याजवळचं झेरॉक्सचं दुकान, आणि मला उशिरा कळलेलं माझं मिळकतकराचं बिल

मी शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली. पावत्या, दाखले, फी-रजिस्टर, हजेरीपट, सगळा जन्म कागद वाचण्यात गेला. तरीही स्वतःच्या घराचं मिळकतकराचं बिल मी तीन वर्षं नुसता खालचा आकडा बघून भरत होते. ते बिल ओळीओळीने वाचायला मला पुण्यातल्या धायरी फाट्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिकवलं गेलं. त्या दुकानाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

फाट्याकडून वडगावच्या बाजूला चालत आलात की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही. 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' एवढंच लिहिलंय. आत एक माणूस बसेल आणि एक उभा राहील एवढीच जागा. काउंटरवर एक मशीन, एक संगणक, एक प्रिंटर, आणि वीस इंची लोखंडी फूटपट्टी. ती फूटपट्टी लक्षात ठेवा. दुकान चालवणारी बाई पस्तिशीची असेल. आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो, माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या बायकासुद्धा. ती आम्हाला काकू म्हणते.

मी तिच्याकडे गेले ती एका फसवणुकीनंतर. २०२० साली आम्ही वडगाव बुद्रुकला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. बिल साडेबारा हजारांच्या आसपास यायचं. नवी इमारत आहे, जास्तच येणार, असं समजून भरत राहिलो. २०२३ मध्ये सोसायटीत चर्चा सुरू झाली की स्वतः राहणाऱ्यांना चाळीस टक्के सवलत परत मिळणार आहे, त्यासाठी अर्ज द्यायचाय. ओळखीतल्या एकाने एक एजंट सुचवला. त्याने दोन हजार रुपये घेतले, कागदांच्या प्रती घेतल्या आणि म्हणाला, "काकू, काम झालं समजा." पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीचं बिल सात हजार चारशेवर आलं. तिचा फ्लॅट माझ्याएवढाच. माझं बिल तेवढंच, साडेबारा हजार. एजंटाने फोन उचलणं बंद केलं.

बिलाची झेरॉक्स काढायला मी ताईच्या दुकानात शिरले आणि वैतागून बोलून गेले. तिने पहिला प्रश्न विचारला, "पोच आहे का काकू?"

"नाही."

"मग अर्ज गेलाच नाही असं धरून चालू."

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. इतके महिने जो तो "बघतो, विचारतो" म्हणत होता. हिने एका वाक्यात हिशेब मोकळा केला.

मग तिने बिल काउंटरवर सरळ केलं आणि ती फूटपट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली. एकेक ओळ वाचायची, मग पट्टी खाली सरकवायची. शाळेत हिशेब तपासताना आमचे हेडक्लार्क असंच करायचे. मागे दोन मुलं कॉलेजचे फॉर्म घेऊन उभी होती. तिने त्यांना सांगितलं, "दहा मिनिटं थांबा, काकूंचं चाललंय."

तिने जे समजावलं ते मी इथे लिहिते, कारण माझ्यासारखे अनेक जण असतील. पुण्यात घरपट्टी घराच्या विक्रीच्या किमतीवर लागत नाही. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, ती रक्कम धरतात. त्यातून दुरुस्तीपोटी काही टक्के वजा करतात. उरलेली रक्कम म्हणजे वार्षिक करपात्र मूल्य, आणि त्यावर एकेक कर बसत जातो: सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, जलनिःसारण, पथ, शिक्षण. घरात स्वतः मालक राहत असेल तर मूळ भाड्याच्या रकमेतच चाळीस टक्के सूट मिळते. म्हणजे सूट एका करात मिळत नाही, ती पायालाच मिळते आणि वरचं सगळं आपोआप खाली येतं. माझं बिल आणि शेजारणीचं बिल तिने शेजारी ठेवलं. शेजारणीचा पाया माझ्या पायाच्या बरोबर साठ टक्के होता. इतकी वर्षं फक्त शेवटची ओळ बघितल्यामुळे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

ही सवलत पुण्यात १९७० च्या ठरावापासून होती. दुरुस्तीची वजावटही दहाऐवजी पंधरा टक्के मिळायची. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव रद्द केला, आणि एप्रिल २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या माझ्यासारख्या घरांना सवलत लागलीच नाही. बरीच ओरड झाल्यावर २०२३ मध्ये चाळीस टक्के परत आले, पण वजावट दहाच टक्के राहिली. ही हकीकत ताईने मला सांगितली ती तारखांसकट, आणि तिच्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांची एक फाईलसुद्धा आहे. कोणी वाद घालायला लागलं की ती फाईल पुढे करते.

अर्जाचं नाव पीटी-३. फी पंचवीस रुपये. सोबत सोसायटीचं पत्र, की मालक स्वतः राहतो. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, गॅसचं कार्ड, रेशनकार्ड यांपैकी पुरावा, आणि पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. ताईने यादी माझ्या हातात दिली आणि सोसायटीच्या पत्राचा मसुदा टाइप करून दिला. त्यात फ्लॅटचा क्रमांक बिलावर जसा छापलाय तसाच घातला. माझ्या बिलावर तो 'फ्लॅट नं. ७' असा होता आणि सोसायटी 'ए-७' लिहिते. एवढ्याशा फरकाने अर्ज मागे येतात, हे तिला बघूनबघून माहीत झालंय.

मी म्हटलं, "तूच देऊन ये ना, मी पैसे देते." तिने सरळ नाही म्हटलं. "काकू, अर्ज तुमचा आहे, तुम्ही द्या. शिक्क्याची पोच तुमच्या हातात पडली पाहिजे." त्या वेळी मला ते जरा कठोर वाटलं, कारण माझे गुडघे दुखतात. पण गेले, रांगेत उभी राहिले, शिक्का घेतला. पुढच्या बिलात पाया खाली आला आणि रक्कम सात हजारांच्या घरात बसली. ताईने या सगळ्याचे माझ्याकडून पंच्याण्णव रुपये घेतले, झेरॉक्ससकट.

त्यानंतर मी मोठ्या जाऊबाईंना तिच्याकडे घेऊन गेले, आणि तिथे मला या दुकानाची खरी किंमत कळली.

जाऊबाई किरकटवाडीला राहतात. सासऱ्यांनी घेतलेल्या दीड गुंठ्यावर दोन खोल्या खाली, दोन वर. किरकटवाडी २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आली, नांदेड, खडकवासला, नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे वगैरे गावांबरोबर, एकूण तेवीस. त्याआधी २०१७ मध्ये धायरी, आंबेगाव, उंड्री, फुरसुंगी अशी अकरा गावं आली होती. जाऊबाईंच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्रामपंचायतीच्या जुन्या पावत्या होत्या, जांभळ्या कार्बनच्या, हाताने लिहिलेल्या. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी, सगळं मिळून एकोणीसशे चाळीस रुपये. आणि महापालिकेचं छापील बिल पाच हजार सहाशे आणि वर थकबाकी.

ताईने दोन्ही शेजारी ठेवले आणि पुन्हा पट्टी लावली. ग्रामपंचायतीच्या चार ओळी, महापालिकेच्या त्याहून कितीतरी जास्त. तिने समजावलं की नव्या गावांना पूर्ण दर एकदम लावत नाहीत, दर वर्षी वीस टक्क्यांच्या पायरीने पाच वर्षांत चढवतात. म्हणून जाऊबाईंना वाटायचं की दर वर्षी कुणीतरी कर वाढवतंय. प्रत्यक्षात पायऱ्या सुरुवातीलाच ठरलेल्या होत्या, त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

मग जाऊबाईंनी तो प्रश्न विचारला जो सिंहगड रस्त्याच्या पुढच्या प्रत्येक घरात विचारतात. "ताई, पण २०२४ ला सरकारने वसुली थांबवली म्हणाले ना? मग मी भरू कशाला?"

ताई म्हणाली, "काकू, स्थगिती म्हणजे माफी नाही. वसुलीचा माणूस दारात येणार नाही, पण बिलावरची रक्कम जागेवरच आहे." आणि तिने थकबाकीच्या ओळीवर बोट ठेवलं. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, बसते हेही तिने दाखवलं. भरा असं ती म्हणाली नाही, भरू नका असंही म्हणाली नाही. जाऊबाईंनी घरी मुलाशी बोलून मूळ रक्कम भरायचं ठरवलं. तो त्यांचा निर्णय होता.

त्या संध्याकाळी दुकानासमोर चांगलाच वाद झाला, आणि तो मला सांगितलाच पाहिजे. नांदेड गावातले एक गृहस्थ आपलं बिल घेऊन उभे होते. ते म्हणाले, "धरण उशाला आणि कोरड घशाला अशी आमची गत. खडकवासला हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही टँकर घेतो. कर कसला भरायचा?" माणिकबागेच्या एक बाई लगेच म्हणाल्या, "आम्ही पंचवीस वर्षं वेळेवर भरतोय. तुम्ही थकवायचं, मग अभय योजनेत शास्ती माफ करून घ्यायची, आणि आमच्या वेळेवर भरण्याला काय, थोडी सूट?" दोघांचंही खरं होतं. तिसरा एक तरुण म्हणाला, की फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने महापालिकेतून बाहेर पडून २०२४ मध्ये स्वतःची नगरपरिषद मिळवली, आपणही तसंच करावं. त्यावर नांदेडचे गृहस्थच म्हणाले, "आणि पाइपलाइन कोण टाकणार? नगरपरिषद?"

मला त्या गृहस्थांचा राग पूर्ण समजतो. २०२५ च्या जानेवारीत गुलियन बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले ते जास्त करून याच पट्ट्यातले, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. पाण्यावर संशय आला, विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली, जारचं पाणी विकणारे खासगी आरओ प्रकल्प बंद करायला लावले. त्या पंधरवड्यात जाऊबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. नातवाचा हात थोडा बधिर वाटला तरी सगळं घर घाबरून जायचं. याच सिंहगड रस्त्यावर सुमारे ११८ कोटींचा उड्डाणपूल होत होता. त्याचा राजाराम पूल चौकातला भाग आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये खुला झाला होता. पूल हवाच होता. रोज दीड तास बसमध्ये घालवणाऱ्या माझ्या मुलाला विचारा. पण पुलाच्या पलीकडच्या गावाला आधी पिण्याचं पाणी मिळायला हवं, हे म्हणायला कुणी अर्थतज्ज्ञ लागत नाही. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं मांडलं गेलं. त्यातलं किरकटवाडीच्या नळापर्यंत किती पोचतं, हा जाऊबाईंचा प्रश्न अगदी साधा आहे, आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

आणि विचारायचा कुणाला? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. पुढे काही वर्षं निवडणूक नव्हती, कारभार प्रशासकाकडे. अशा काळात लोक आपली बिलं घेऊन या जिन्याखाली येत होते. ताई नगरसेविका नाही, तिच्या हातात काही नाही. पण कोणता प्रश्न कोणत्या कागदावर लिहायचा हे तिला माहीत आहे.

त्या तरुणाचंच उदाहरण सांगते. त्याने आपल्या गल्लीच्या रस्त्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज लिहून आणला होता, चार पानी. त्यात राग, इतिहास, आरोप सगळं होतं. ताईने तो शांतपणे पूर्ण वाचला. मग म्हणाली, "दादा, हे सगळं खरं असेल, पण अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच. तुम्हाला नेमकं काय हवंय?" बोलत बोलत तिने त्याच्याकडूनच काढून घेतलं: वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती, आणि दोष दायित्वाचा कालावधी कधी संपतो. शेवटच्या मुद्द्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. तिने सांगितलं की ठरावीक काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. म्हणजे पुन्हा आपल्या कराचे पैसे घालायचे नाहीत. चार पानांच्या सहा ओळी झाल्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, तीस दिवसांची तारीख तिने पाठीमागे पेन्सिलीने लिहून दिली. तो मुलगा आला तेव्हा ओरडत होता, गेला तेव्हा कामाला लागला होता.

मलाही तिने एक अर्ज भरायला लावला. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, पदपथ, दिवे, बाक अशी. मी इतकी वर्षं पुण्यात राहून एकदाही सुचवलं नव्हतं. आमच्या सोसायटीमागच्या कालव्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर दिवा नाही, पहाटे फिरायला जाणाऱ्या दोन बायका तिथे पडल्यात. मी लिहिलं, "पायऱ्यांवर दिवा लावावा." ताई म्हणाली, "कोणत्या पायऱ्या? किती? खांब जवळचा कुठे आहे?" मी घरी जाऊन मोजल्या. एकोणीस पायऱ्या, सर्वात जवळचा खांब पंचावन्न पावलांवर. तेवढं लिहून क्षेत्रीय कार्यालयात दिलं. पोच माझ्या फाईलमध्ये आहे.

आता दुकानाच्या उणिवा. संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, विद्यार्थ्यांची फार गर्दी असते आणि ताई मग कुणालाच नीट वेळ देऊ शकत नाही. बसायला एकच प्लॅस्टिकचं स्टूल आहे, तेही बऱ्याचदा कागदांच्या रिमखाली असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तिने जिन्याशेजारी एखादं बाकडं टाकावं, मी तिला दोनदा सांगितलंय. प्रिंटर जुना आहे, छपाई फिकट येते. बिलावरचा क्यूआर माझ्या मोबाईलने एकदा वाचलाच नाही, दुसरी प्रत काढावी लागली. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत. आणि सुरुवातीला ती स्वतःच्या कामाची पावती द्यायची नाही. बाकी सगळ्यांना पोच मागायला लावणारी बाई स्वतः पावती देत नाही, हे मला बरोबर वाटलं नाही, आणि मी तसं तोंडावर बोलले. ती दोन क्षण गप्प राहिली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा काउंटरवर नवं पावतीपुस्तक होतं. पहिली पावती माझ्या नावाने फाडली.

दर सांगते: झेरॉक्स दोन रुपये, बिल डाउनलोड करून प्रिंट दहा, अर्ज भरून देणं पन्नास, माहिती अधिकाराचा अर्ज टाइप करून चाळीस. बिल समजावून सांगायचे ती काही घेत नाही. मी तिला म्हटलं, याचेही पैसे लाव, वेळ जातो तुझा. ती म्हणाली, "काकू, ते वाचून दाखवायचे कसले पैसे?" मला अजूनही वाटतं तिने लावावेत.

जायचं तर सकाळी दहा ते साडेअकराच्या मध्ये जा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर महिनाअखेरीची वाट बघू नका. मुदतीत भरलं की सर्वसाधारण करात करपात्र मूल्य पंचवीस हजारांपर्यंत असेल तर दहा टक्के आणि त्याहून जास्त असेल तर पाच टक्के सूट मिळते, आणि ती मुदत सहसा मेअखेरीची असते. शेवटच्या आठवड्यात तिच्याकडे रांग रस्त्यापर्यंत जाते. घरावर सोलर असेल, पावसाचं पाणी जिरवत असाल किंवा गांडूळखत करत असाल तर तेही सांगा, त्याची वेगळी सूट असते आणि आमच्या सोसायटीला ते तिच्यामुळेच कळलं. नव्या गावातले असाल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या पावत्या शोधून न्या, कितीही जीर्ण झाल्या असल्या तरी. मागच्या वर्षीचं बिल न्या, यंदाचं न्या, शेजाऱ्याचं मिळालं तर तेही न्या. मूळ कागद दुकानात ठेवून येऊ नका. ती ठेवून घेतही नाही. झेरॉक्स काढली की मूळ कागद लगेच तुमच्या हातात देते आणि पिशवीत ठेवेपर्यंत बघत उभी राहते.